बारीक टाइपातलं

ऑक्टोबरचा तिसरा शनिवार. केमियार्वीत
तळ्याने कडेकडेने पापुद्रा धरलाय.
आज नाही केलं, तर थेट मे महिन्यात.

गाडी दहा मिनिटं घुरघुरत ठेवते.
थंड तेल काकवीसारखं, आर्जवं केल्याशिवाय येत नाही,
आणि आलंच तर अर्धा गाळ मागे ठेवून.

पुढची चाकं लोखंडी उतारांवर, हँडब्रेक ओढलेला,
मागच्या चाकांना बर्चचे ओंडके,
आणि तरीही खाली सरकण्याआधी
गाडीला खांद्याने एक धक्का देऊन बघते.
माणसांना असा कधी देऊन पाहिला नाही.

वेन्ला टॉर्च धरते. अकरा वर्षांची.
उजेड तिला हवा तिथे, मला हवा तिथे नाही.
"आई, हे किती दिवसांनी बदलायचं असतं?"

पंपावरचा पेर्टी म्हणतो, सात हजारांनी.
माझे वडील म्हणायचे, आठवण झाली
म्हणजे उशीर झालेला असतो.
पुस्तकात पंधरा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष,
जे आधी येईल ते.
पण त्याच्या खाली, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत:
वारंवार थांबणं, छोटे टप्पे, कडाक्याची थंडी
असेल, तर निम्म्यावर या.

मी टपाल वाटते.
एकशे बारा पेट्या, प्रत्येकीपाशी थांबा.
इंजिन जरा तापतंय तोवर पुढची पेटी,
पुढचं वीजबिल, पुढच्या आजीबाईंचं
"जरा आत ये ना, कॉफी ठेवलीय."
बारीक टाइपात कुणीतरी माझंच वर्णन करून ठेवलं होतं
आणि मी ते पान उलटलंही नव्हतं.
तेव्हा गाडीचं सगळं ओलावी बघायचा.

सतराचा पाना. शेवटचे दोन आटे बोटांनी,
तेल काही सांगून उडी मारत नाही.
मनगटावरून कोपरापर्यंत, कोमट, काळंशार.
"शी! एवढी घाण आत होती?"
घाण नव्हे गं. कामावर होतं ते.

धार सुतळी होते, मग दोरा, मग थेंब.
थेंबांना घाई करायची नसते.
बोल्टला तांब्याचा नवा वायसर, हात आवरून आवळायचा.

फिल्टर मात्र हलेना.
गेल्या शरदात ओलावीने बसवलेला,
जायच्या दोन महिने आधी, अंगात होता तेवढा जोर लावून.
कापड गुंडाळलं, सँडपेपर गुंडाळला,
एक शिवी दिली, ती वेन्लाने ऐकली नाही असं आम्ही ठरवलं.
मग एकदाचा सुटला.

नवा फिल्टर हातात, त्याच्या रबराला
बोटाने तेल लावून झालेलं, आता चढवणार,
इतक्यात टॉर्च पुन्हा भलतीकडे गेला.
"आई, वर काळं कडं राहिलंय."

जुन्या फिल्टरची रिंग. इंजिनाला चिकटून,
इंजिनाच्याच रंगाची झालेली.
जुनीवर नवी बसवली तर बसते.
गाडी सुरू होते, सगळं ठीक वाटतं,
आणि पहिल्याच चढावर सगळं तेल रस्त्यावर.

नखाने खरवडून काढली. थोडी तुटली,
तुकडे मोजून पुठ्ठ्यावर गोल जुळवले,
पूर्ण भरलं वर्तुळ. मग डब्यात टाकलं.
वेन्ला काही बोलली नाही. मीही नाही.

सव्वाचार लिटर नवं, मधाच्या रंगाचं.
काडीवरच्या दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेला टेकून.
किल्ली फिरवली. लाल दिवा
क्षणभर विचार करतो, मग विझतो.
जुनं तेल कॅनमध्ये, सोमवारी संकलन केंद्रावर.

दाराच्या आतल्या पट्टीवर वेन्ला पेनाने लिहिते:
तारीख, आकडा, आणि तिचं स्वतःचं उत्तर,
"तळं गोठायच्या आधी. तळं सुटल्यावर."

दोघी पोटावर झोपून खाली बघतो.
थेंब नाही.
तरीही कोरडा पुठ्ठा सरकवून ठेवते.
उद्या सकाळी परत बघू.